इंजिन मिसिंग करते आहे, पण नेमका कोणता सिलिंडर?

जुनी गाडी जागेवर उभी असताना इंजिन थडथडू लागले, निघताना आचके बसू लागले किंवा चढावर पिकअप एकाएकी गळून जाऊ लागला, की बहुतेक मालक सर्वांत आधी प्लग बदलून घेतात. त्याने फरक पडला नाही तर वायरी, मग कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी), मग पेट्रोलचा फिल्टर, आणि चार भाग नवे झाल्यावरही थडथड जिथल्या तिथे असते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण काढून टाकलेले भाग पुष्कळदा धडधाकट असतात आणि खरा दोष एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये दडलेला असतो. कोणता भाग बदलायचा, हा सगळ्यांत शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: बिघाड एकाच सिलिंडरमध्ये आहे की सगळ्यांत सारखाच आहे, आणि तो केव्हा दिसतो, म्हणजे थंड इंजिनावर की गरम झाल्यावर, जागेवर की भार पडल्यावर.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. जागेवर उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १६०० वेळा पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. हे धक्के एकसारख्या अंतराने येत असल्यामुळे ते सुटेसुटे जाणवत नाहीत. एक सिलिंडर पेटेनासा झाला, म्हणजे मिसिंग करू लागला, की प्रत्येक चौथा धक्का गळतो, सेकंदाला सहा-सात वेळा इंजिन अडखळते, आणि तीच थडथड स्टिअरिंगमध्ये, सीटमध्ये आणि आरशातल्या हलत्या चित्रात उतरते. वेग वाढवला की दोन धक्क्यांमधला वेळ कमी होतो आणि फ्लायव्हीलची (क्रँकशाफ्टला जोडलेल्या जड चाकाची) गती मधली पोकळी भरून काढते. म्हणून रेस केल्यावर इंजिन बरे वाटले, तरी तेवढ्यावरून दोष किरकोळ आहे असे समजू नये.

इंजिन खरोखर अडखळते आहे की फक्त त्याची थरथर बॉडीपर्यंत पोहोचते आहे, हे आधी वेगळे करावे. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेले असते त्यांचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते किंवा तडकते, आणि मग उत्तम चालणाऱ्या इंजिनाची नेहमीची थरथरही आत जाणवू लागते. तीन सिलिंडरची इंजिने तर रचनेमुळेच जागेवर थोडी जास्त हलतात. खरा निवाडा सायलेन्सरच्या तोंडाशी होतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करून कागदाची एक पट्टी वरच्या कडेला धरावी आणि ती सायलेन्सरच्या तोंडासमोर चार बोटांवर लोंबती ठेवावी. निरोगी इंजिनात ती बाहेरच्या बाजूला एकसारखी फडफडत राहते. एक सिलिंडर पेटत नसेल तर ती ठरावीक तालात मध्येच ढिली पडते. ताल न धरता वाटेल तेव्हा ढिली पडत असेल तर दोष एका सिलिंडरचा नसून सगळ्यांना मिळणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा असण्याची शक्यता अधिक. पट्टी अधूनमधून चक्क आत ओढली जात असेल, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही अशी शंका घ्यावी, कारण पिस्टन खाली जाताना त्या फटीतून धूर उलटा ओढला जातो. ही चाचणी बंद जागेत कधीही करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास येऊ न देता माणसाला मारतो.

मिसिंग आहे हे ठरले, की सिलिंडर शोधायचा. त्याची जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची रीत म्हणजे एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून पाहणे. इंजिन चालू असताना चांगला सिलिंडर बंद केला तर फेरे घटतात आणि थडथड वाढते; जो आधीच मेलेला आहे तो बंद केल्याने काहीच बदलत नाही. ज्याच्या बाबतीत काहीच बदलले नाही, तोच आपला सिलिंडर. इंजेक्टरच्या गाडीत यासाठी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढणे सुरक्षित असते, कारण त्यामुळे न जळलेले पेट्रोलही पुढे जात नाही. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकाच कॉइलची वीज पाळीपाळीने प्लगांना वाटणारा भाग, असलेल्या गाडीत प्लगची वायर काढावी लागते, पण चालू इंजिनावर हाताने ओढून मात्र नव्हे. त्या वायरीत २०,००० व्होल्टच्या वर दाब असू शकतो, आणि ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने तर चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये. इंजिन बंद करून वायर काढावी, तिच्या टोकाला एक जादा प्लग लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला पक्का टेकवावा, आणि मग पुन्हा स्टार्ट करावे. वायर मोकळी लोंबत ठेवली तर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळू शकते. संगणक असलेल्या गाडीत आणखी एक भान ठेवावे लागते: घटलेले फेरे संगणक लगेच भरून काढतो, म्हणून कनेक्टर काढल्याच्या पहिल्या क्षणी होणारी घट पाहायची असते, मिनिटभरानंतरची नव्हे.

गाडी फार जुनी नसेल तर हेच काम गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर करतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत आणि युरोपीय संघात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल मोटारींत निदानाची ही प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली. पी०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचे मिसिंग सांगतो, पी०३०२ दुसऱ्याचे, आणि पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला बांधलेले नाही. संगणकाला हे कळते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन बहुतेक गाड्यांत नसते. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाचा सेन्सर प्रत्येक दाता जायला किती वेळ लागला ते मोजत असतो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला चाक जरासे मंदावते तो पेटला नाही असे संगणक धरतो. म्हणजे आपण कागदाच्या पट्टीवर जे पाहिले तेच तो चाकावर पाहतो. म्हणूनच कोड हा सिलिंडरचा पत्ता असतो, कारण नव्हे. पी०३०३ आला म्हणून तिसऱ्याची कॉइल बदलणे हा पुन्हा अंदाजाचाच खेळ झाला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावून गाडी फिरवावी. मिसिंग दुसऱ्याकडे गेले तर कॉइल दोषी. ते तिसऱ्यातच राहिले तर कॉइल निर्दोष, आणि पुढची पाळी प्लगची, मग इंजेक्टरची. अदलाबदलीला वेळ लागतो, पण तिचे उत्तर नवा भाग लावून मिळणाऱ्या उत्तराइतकेच पक्के असते.

इंजिन चालताना चेक लाइट नुसता पेटलेला न राहता लुकलुकू लागला, तर वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असते, आणि ती उष्णता आतली जाळी वितळवू शकते.

आता प्लग काढावेत, आणि कोणता कुठला ते क्रमाने मांडून ठेवावे. प्लगचे टोक सिलिंडरच्या आतली बातमी बाहेर आणते. चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तिथे ज्वलन ठीक आहे. कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे किंवा ठिणगी अशक्त आहे. काळे आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत येते आहे. पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक म्हणजे सिलिंडर फार तापतो आहे. हवा जास्त आहे, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे गेले आहे किंवा प्लगच चुकीच्या जातीचा आहे. पेट्रोलने ओला प्लग सांगतो, की पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सामायिक आहे. तीन तपकिरी आणि एकच काळा असेल तर सामायिक गोष्टींकडे, म्हणजे पेट्रोल पंपाकडे किंवा एअर फिल्टरकडे, पाहण्यात अर्थ नाही. टोकातली फट फीलर गेजने मोजावी. ती बहुतेक इंजिनांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा.

मिसिंग जागेवर नाही, पण चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की येते, असे असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा. थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाबल्यावर ती अधिक दाट होते, आणि दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. वायरीचे आवरण कुठे चिरलेले असेल, तर हलक्या भाराला प्लगची वाट सोपी असते आणि ठिणगी तिकडे जाते. भार वाढला की त्याच विजेला चिरेतून शेजारच्या लोखंडावर उडी मारणे सोपे पडते. पावसाळी हवेत किंवा गाडी धुतल्यावरच मिसिंग येत असेल तर हाच दोष जवळजवळ नक्की. तो डोळ्यांनी पाहता येतो. रात्री अंधारात, मोकळ्या जागेत बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही व हात दूर राखावेत, आणि फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर अगदी बारीक पाण्याचे तुषार सोडावेत. चांगल्या वायरींवर काहीच दिसत नाही. खराब वायरीवर निळसर रेघा नाचू लागतात, टिकटिक ऐकू येते, आणि त्याच क्षणी इंजिन अडखळते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा दिवसाउजेडी नवीकोरी वाटणारी वायर तीन ठिकाणी ठिणग्या सांडत होती. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का तेही पाहावे. ती वीज गळून जळालेली वाट असते, आणि पुसून ती जात नाही. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडणाऱ्या टोकांच्या) गाडीत पॉइंटची फट पिटिंगमुळे, म्हणजे टोकांना खड्डे पडल्याने, बदलते, आणि फट बदलली की टायमिंगही सरकते. त्यामुळे आधी पॉइंट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये.

सगळे सिलिंडर थोडेथोडे बिघडलेले आहेत, फेरे वरखाली होत आहेत, जागेवर थडथड फार आहे आणि रेस केल्यावर ती खरोखरच विरून जाते, अशी लक्षणे असतील तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे फटीतून चोरून आत शिरणारी हवा, शोधावी. माझ्या मते जुन्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा दोष हाच आहे. पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा असली की मिश्रण पूर्ण जळते. जागेवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन अगदी थोडी हवा ओढत असते. अशा वेळी नळीच्या चिरेतून येणारी चोरटी हवा त्या थोडक्या हवेच्या तुलनेत खूप मोठी ठरते, मिश्रण पातळ होते आणि पेटायला कुचराई करते. थ्रॉटल उघडला की खरी हवा कितीतरी पटींनी वाढते, चोरटी हवा मात्र वाढत नाही, उलट आतली ओढ कमी झाल्यामुळे घटते, म्हणून तिचा परिणाम बुडून जातो. स्कॅनर असेल तर त्यात हे आकड्यांत दिसते: संगणक जागेवर जास्तीचे पेट्रोल देत असतो आणि २५०० फेऱ्यांना ती भर जवळजवळ शून्यावर येते. भर वेगाबरोबर वाढतच गेली तर गोष्ट उलटी, म्हणजे पेट्रोलच कमी पडते आहे. तिथे फिल्टर, पंप आणि पेट्रोलचा दाब तपासावा.

गळती शोधताना इंटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याला) जोडलेली प्रत्येक रबरी नळी बोटांनी वाकवून पाहावी, विशेषतः ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि क्रँककेसमधली वाफ परत आणणारी नळी, जिचे कोपर खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने तडकते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा. पाणी फटीत ओढले गेले की फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा यासाठी सर्रास मारला जातो, पण तो पेट घेणारा असतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर आग लागते. माझा आग्रह पाण्याचाच आहे. व्हॅक्यूम गेज मिळाला तर त्याच्याइतके बोलके यंत्र दुसरे नाही. समुद्रसपाटीच्या जवळ निरोगी इंजिन जागेवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते आणि काटा स्थिर असतो. दर १००० फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरावा. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. काटा तालात एकाच जागी झटका देत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह.

कार्बोरेटरच्या गाडीत गळती नसताना फक्त आयडलिंग बिघडले असेल तर आयडल जेट पाहावा. त्याचे भोक केसाएवढे बारीक असते आणि बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा डिंकासारखा थर तिथे बसतो. भोकात तार घालू नये. तार ते मोठे करते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. इंजेक्टरच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर साचलेला काळा थर आणि उघडीच अडकलेली ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) हीच थडथड देतात, आणि दोन्ही साफ करण्यासारख्या असतात.

इंजिन थंड असताना दोन-तीन मिनिटे मिसिंग आणि मग सगळे ठीक, असे होत असेल तर चोक किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहावा. पण त्याच वेळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कुठेही न सांडता कमी होत असेल, तर रात्रभरात हेड गॅस्केटमधून (सिलिंडरांवरच्या झाकणाखालच्या पट्टीतून) पाणी एका सिलिंडरमध्ये झिरपलेले असते. याच्या उलट, तासभर चालवल्यावरच मिसिंग येत असेल आणि गाडी थंड झाली की जात असेल, तर कॉइलकडे पाहावे. तापल्यावर तिच्या आतली तार फुगते आणि आवरणातली चीर उघडते. थंड असताना ती मीटरवर निर्दोष दिसते, म्हणून दोष चालू असतानाच मोजायला हवी.

ठिणगी आणि मिश्रण दोन्ही ठीक आहेत आणि तरीही एकच सिलिंडर मेलेला आहे, अशा वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. इंजिन गरम करून बंद करावे, चारही प्लग काढावेत, इग्निशन आणि पेट्रोल तोडावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब मिळतील इतका वेळ सेल्फ मारावा. पुष्कळ पेट्रोल इंजिनांत आकडा १२० ते १८० पौंड प्रति चौरस इंच येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर १५० आणि एक ९० असेल तर थांबावे. त्या सिलिंडरला कितीही चांगला प्लग लावला तरी तो पेटणार नाही. त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांची आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच पडले असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट जळाले आहे.

या टप्प्यावर हेड उतरवण्याची घाई होते, आणि ती थांबवावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, हाताने जुळवायचे असलेल्या इंजिनात आधी त्यांची फट मोजावी. टॅपेट वाजत असेल तर मालक घाबरतो, पण वाजणारा टॅपेट फक्त ढिला असतो. आवाज न करता आवळला गेलेला टॅपेट खरा घातक. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जातात तशी ही फट कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर टाकतो. टेकणे बंद झाले की त्याची कड जळू लागते. फट पुस्तिकेतल्या आकड्यावर आणून काही किलोमीटर गाडी चालवावी आणि कॉम्प्रेशन पुन्हा घ्यावे. कड अजून जळालेली नसेल तर ९० वरचा सिलिंडर बाकीच्या तिघांच्या जवळ येतो, आणि सायलेन्सरसमोर धरलेली पट्टी पुन्हा एकसारखी बाहेर फडफडू लागते. आकडा हललाच नाही, तर मात्र हेड उतरवावे लागते.